टाइप जाहीर केला, पण तपासणार कोण?

वाचकांचे प्रश्न : प्रोग्रामिंग

पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि रुबी या भाषांत एखाद्या व्हेरिएबलमध्ये कोणत्या टाइपचे, म्हणजे अंक की मजकूर अशा कोणत्या प्रकारचे, मूल्य राहणार, हे आधी सांगावे लागत नाही. गेल्या दोन दशकांत मात्र यांपैकी प्रत्येक भाषेत, कुठे थेट तर कुठे आडवळणाने, ते सांगण्याची ऐच्छिक सोय झाली आहे. त्यासंबंधी वाचकांनी विचारलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी पायथनमध्ये क्षेत्रफळ काढणारे फंक्शन लिहिले आणि लांबी व रुंदी दोन्ही पूर्णांक असतील, अशी टाइप हिंट, म्हणजे टाइपची घोषणा, दिली. तरीही रुंदीच्या जागी स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) गेली तेव्हा प्रोग्राम थांबला नाही, उलट त्याने भलतेच उत्तर दिले. पायथन माझी घोषणा पाळतच नसेल, तर ती लिहायची कशासाठी?

उत्तर : आपण पाहिले तो पायथनमधील दोष नाही, ती जाणूनबुजून केलेली योजना आहे. लांबी ३ हा अंक आणि रुंदी ‘४५’ ही स्ट्रिंग असेल, तर पायथन गुणाकाराच्या जागी ती स्ट्रिंग तीन वेळा एकापुढे एक मांडतो आणि ‘४५४५४५’ हे उत्तर हाती ठेवतो. पुढे कोणीतरी त्या उत्तराचे पूर्णांकात रूपांतर केले, की १३५ ऐवजी ४,५४,५४५ हे क्षेत्रफळ बिनबोभाट अहवालात जाऊन बसते. आपली टाइप हिंट पायथन वाचतो, फंक्शनसोबत एका डिक्शनरीत साठवून ठेवतो आणि त्यानंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

असे का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. २००८ साली आलेल्या पायथन ३.० मध्ये फंक्शनच्या पॅरामीटरपुढे काहीतरी लिहून ठेवण्याची जागा देण्यात आली. त्या जागेचा अर्थ काय, हे मात्र मुद्दाम ठरवले नव्हते. पुढील काही वर्षांत युक्का लेहतोसालो हे केंब्रिजमध्ये संशोधन करत असताना पायथन कोडमधील टाइप तपासणारा मायपाय हा प्रकल्प उभा करत होते. आरंभी मायपायची स्वतःची वेगळी लेखनपद्धती होती, परंतु पायथनचे जनक गीडो व्हॅन रॉसम यांनी पायथनमध्ये अगोदरच असलेली ती रिकामी जागा वापरण्याचा आग्रह धरला. २०१५ च्या पायथन ३.५ सोबत ‘पेप ४८४’ या भाषासुधारणेच्या प्रस्तावाने त्या जागेला टाइपचा अधिकृत अर्थ दिला, आणि पायथन ही डायनॅमिक टाइपची, म्हणजे मूल्याचा टाइप प्रोग्राम चालतानाच ठरणारी, भाषाच राहील, हिंट कधीही सक्तीच्या होणार नाहीत, हेही त्याच प्रस्तावात स्पष्टपणे नमूद केले. म्हणजे घोषणा लिहिण्याची सोय भाषेने केली आणि तपासणीचे काम मायपाय, पायराइट यांसारख्या बाहेरच्या टाइप चेकरवर, म्हणजे प्रोग्राम न चालवता कोड वाचून टाइप तपासणाऱ्या साधनांवर, सोपवले. आपण असा चेकर चालवत नसाल, तर आपली हिंट ही एक टिप्पणीच आहे. किंबहुना टिप्पणीपेक्षा थोडी अधिक धोकादायक, कारण वाचणारा तिच्यावर टिप्पणीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आता आपल्याच फंक्शनवर मायपाय चालवून पाहा. रुंदी जर ‘इनपुट’ या फंक्शनकडून थेट येत असेल, तर चेकर लगेच हरकत घेईल, कारण ‘इनपुट’ नेहमी स्ट्रिंगच परत करते, हे त्याला ठाऊक असते. पण तीच रुंदी जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपातील मजकुरातून उचललेली असेल, तर चेकर गप्प राहील. जेसनमधून काय निघेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे त्या मूल्याचा टाइप ‘एनी’ असा धरला जातो, आणि ‘एनी’ असलेले मूल्य कोणत्याही टाइपच्या जागी चालते. प्रत्यक्षात चुकीची मूल्ये बहुतेक वेळा अशाच वाटांनी आत शिरतात : फाइल, डेटाबेस, वेबवरून आलेले उत्तर. या वेशीवर केवळ घोषणा पुरेशी नसते. तेथे प्रोग्राम चालू असताना मूल्य तपासणारा कोड लागतो, मग तो हाताने लिहा किंवा पायडँटिकसारखी लायब्ररी वापरा. वेशीवर एकदा तपासणी झाली, की आतल्या कोडमध्ये हिंटवर निर्धास्तपणे विसंबता येते.

सर्वच भाषांनी हा मार्ग घेतलेला नाही. पीएचपीने २०१५ अखेरीस आलेल्या सातव्या आवृत्तीत पूर्णांक, स्ट्रिंग वगैरे साध्या टाइपच्या घोषणा स्वीकारल्या आणि त्यांची तपासणी प्रोग्राम चालू असतानाच करण्याचे ठरवले. आपले उदाहरण तेथे नेले, तर साध्या पद्धतीत ‘४५’ चे पूर्णांक ४५ होऊन उत्तर १३५ येईल. फंक्शनला हाक मारणाऱ्या फाइलच्या माथ्यावर कडक टाइपची घोषणा असेल, तर मात्र एरर येऊन काम थांबेल. जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या भाषेची तऱ्हा तिसरी : कोडचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना टाइप तपासले जातात आणि मग पुसून टाकले जातात, त्यामुळे ब्राउझरला त्यांचा पत्ताही नसतो. कोणत्याही भाषेतील टाइपची सोय वापरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : ही घोषणा कोण तपासतो, आणि केव्हा? ही दोन उत्तरे हाती नसताना लिहिलेल्या हिंट मला शोभेच्या वाटतात.

प्रश्न : टाइप लिहिल्यामुळे प्रोग्रामचा वेग वाढतो का?

उत्तर : पायथनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत, वाढत नाही. टाइपस्क्रिप्टमध्येही नाही, कारण ब्राउझरमधील इंजिनापर्यंत टाइप पोहोचतच नाहीत. ते इंजिन चालू प्रोग्रामकडे पाहून स्वतःचे अंदाज बांधते. टाइपमुळे वेग हवा असेल, तर त्या टाइपचा आधार घेऊन मशीन कोड तयार करणारा कंपायलर लागतो. मायपायसी हा असा एक कंपायलर आहे. मायपाय हा टाइप चेकर स्वतःच त्याने कंपाइल केला, तेव्हा तो सुमारे चौपट वेगाने चालू लागला.

कॉमन लिस्प या भाषेत तर ऐच्छिक घोषणांचा मूळ हेतूच वेग हा होता. हे मूल्य छोटा पूर्णांकच असेल, असे वचन प्रोग्रामरने द्यायचे आणि त्या बदल्यात कंपायलरने तपासणीच्या सूचना गाळायच्या, असा तो व्यवहार. एसबीसीएल हा आजचा प्रचलित कंपायलर एरवी अशी वचने तपासून घेतो. परंतु सुरक्षिततेची पातळी शून्यावर आणली, तर तो आपल्या शब्दावर पूर्ण विश्वास टाकतो, आणि आपले वचन खोटे निघाले तर काय होईल, याची हमी मग कोणीच देत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. टाइप असलेला आणि नसलेला कोड एकत्र नांदवायचा आणि शिवाय घोषणेची पूर्ण हमी द्यायची, तर दोहोंच्या सीमेवरून जाणारे प्रत्येक मूल्य चालत्या प्रोग्राममध्ये तपासावे लागते. टाइप्ड रॅकेट ही भाषा हे काम प्रामाणिकपणे करते. २०१६ साली तिच्यावर प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, अर्धवट टाइप दिलेले काही प्रोग्राम मूळ प्रोग्रामपेक्षा कित्येक पटींनी मंदावल्याचे आढळले आणि त्यावरून संशोधकांत बरीच चर्चा झाली. पायथन आणि टाइपस्क्रिप्ट ही किंमत मोजत नाहीत, कारण ते हमीच देत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे अनेक वर्षे वाढत गेलेला पायथन कोड आहे. त्यात एकही हिंट नाही. मायपाय चालवले तर फारशा एरर दिसत नाहीत, त्यामुळे कोड चांगलाच असावा, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी सहकाऱ्यांचा गैरसमज दूर करायला हवा. ज्या फंक्शनला एकही हिंट नाही, त्याच्या आतल्या ओळी मायपाय मुळात तपासतच नाही; ते फंक्शन डायनॅमिक आहे, असे मानून पुढे जातो. त्यामुळे हिंट नसलेल्या कोडवर एरर न येणे हा गुणवत्तेचा दाखला नसून, तपासणी न झाल्याची खूण आहे. एक प्रयोग करून पाहा : काहीही न घेणाऱ्या आणि काहीही परत न करणाऱ्या एखाद्या लांबलचक फंक्शनला ‘नन (म्हणजे काहीच नाही) परत करते’ एवढीच एक हिंट द्या आणि मायपाय पुन्हा चालवा. एवढ्यानेच ते फंक्शन तपासणीच्या कक्षेत येते, आणि आतापर्यंत दडलेल्या हरकती बाहेर येऊ लागतात. हिंट नसलेली फंक्शनेही तपासावीत, असा पर्याय मायपायमध्ये आहे. पण पहिल्याच दिवशी तो लावला, तर हरकतींच्या पुराखाली सगळी उमेद वाहून जाईल.

माझ्या मते जी फंक्शने सर्वांत जास्त ठिकाणांहून वापरली जातात, त्यांच्यापासून सुरुवात करावी, फाइल वर्णानुक्रमे घेऊन नव्हे. सामायिक मॉड्यूलमधील एका फंक्शनला नीट टाइप दिला, तर त्याला हाक मारणाऱ्या सर्व ठिकाणी चेकरला पकड मिळते. कोपऱ्यातल्या एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टला टाइप देऊन तेवढेच श्रम वाया जातात. त्याच वेळी नव्या कोडसाठी नियम कडक ठेवावा आणि जुना कोड, ज्याला हात लागेल तेव्हा, त्या त्या वेळी टाइपखाली आणावा. चेकर प्रत्येक बदलासोबत आपोआप चालेल अशी व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून हवी, कारण कोणी आठवणीने चालवेल या भरवशावर ठेवलेला चेकर दोन महिन्यांत बंद पडतो आणि त्यानंतर हिंट व कोड एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. या वाटेने मोठमोठे प्रकल्प गेले आहेत. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार त्यांचा ४० लाख ओळींचा पायथन कोड तोवर टाइप तपासणीखाली आला होता, आणि त्यालाही काही वर्षे लागली होती.

चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवून हिंट सुचवणारी साधने आहेत. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी केलेले मंकीटाइप हे त्यांपैकी एक. ते श्रम वाचवते, पण ते जे घडले ते नोंदवते, जे घडायला हवे ते नव्हे. निरीक्षणाच्या काळात एखाद्या फंक्शनला फक्त लिस्टच मिळाली, म्हणून त्याने ट्युपल (लिस्टसारखाच, पण बदलता न येणारा संच) नाकारावे, असा अर्थ होत नाही. सुचवलेली प्रत्येक हिंट माणसाने वाचूनच स्वीकारावी.

दोन हरकती आपल्याला वारंवार भेटतील. पहिली ‘नन’ची. नोंद सापडली तर ग्राहक परत करणारे आणि न सापडल्यास ‘नन’ परत करणारे फंक्शन प्रत्येक कोडमध्ये असते, आणि परत आलेले मूल्य न पाहताच त्याचे नाव वा पत्ता मागणाऱ्या ओळीही असतात. ‘ग्राहक किंवा नन’ असा टाइप जाहीर करताच चेकर अशी एकेक ओळ दाखवून देतो. बाकी काहीही न करता एवढे एक काम पूर्ण केले, तरी घेतलेल्या श्रमांचे चीज होते.

दुसरी हरकत सुरुवातीला विचित्र वाटते. दशांश संख्यांची लिस्ट मागणाऱ्या फंक्शनला पूर्णांकांची लिस्ट दिली, तर चेकर नकार देतो, जरी एकटा पूर्णांक दशांश संख्येच्या जागी त्याला चालत असला तरी. चेकर येथे उगाच आडमुठेपणा करत नाही. ते फंक्शन मिळालेल्या लिस्टमध्ये २.५ ही संख्या घालू शकते, आणि तसे झाले तर हाक मारणाऱ्याच्या हातातील ‘पूर्णांकांची लिस्ट’ ही पूर्णांकांची उरत नाही. फंक्शन लिस्ट केवळ वाचणार असेल, तर पॅरामीटरचा टाइप ‘लिस्ट’ ऐवजी ‘सीक्वेन्स’ असा लिहावा; सीक्वेन्समध्ये भर घालता येत नसल्यामुळे हरकत मिटते, आणि हे फंक्शन आपल्या मालाला हात लावणार नाही, हेही वाचणाऱ्याला कळते.

प्रश्न : चेकर समाधानी होत नाही, तेव्हा मी ‘एनी’ लिहून पुढे जातो. हे वाईट आहे का?

उत्तर : कधीतरी लिहिले तर नाही. मात्र ‘एनी’ एका जागी थांबत नाही : त्यापासून मिळालेले प्रत्येक मूल्यही ‘एनी’ होते आणि पुढच्या ओळींतली तपासणी नकळत बंद पडते. ‘येथे काय येईल ते मला ठाऊक नाही’ एवढेच म्हणायचे असेल, तर त्यासाठी अधिक योग्य टाइप आहेत. टाइपस्क्रिप्टमध्ये २०१८ पासून ‘अननोन’ आहे आणि पायथनमध्ये ‘ऑब्जेक्ट’ ते काम करतो. येथेही कोणतेही मूल्य स्वीकारले जाते, परंतु आपण ते तपासून पाहिल्याखेरीज त्याच्याशी फारसे काही करू दिले जात नाही. ‘एनी’ चेकरला डोळे मिटायला सांगतो, ‘अननोन’ प्रोग्रामरला डोळे उघडायला लावतो. हरकत खरोखरच चुकीची असेल, तर ती त्या एका ओळीपुरती दाबावी आणि शेजारी कारण लिहावे.

प्रश्न : टाइप असतील तर युनिट टेस्ट (कोडचे छोटे भाग तपासणाऱ्या चाचण्या) कमी करता येतील का?

उत्तर : चुकीचा टाइप दिल्यावर एरर येते की नाही, एवढेच पाहणाऱ्या टेस्ट काढून टाकता येतील. बाकीच्या ठेवा. सवलत वजा करण्याऐवजी मिळवली, तर टाइप अचूकच राहतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक प्रकल्पांतील प्रत्यक्ष दुरुस्त झालेले दोष घेऊन, टाइपस्क्रिप्ट किंवा फ्लो हा जावास्क्रिप्टचा टाइप चेकर वापरला असता तर त्यांपैकी किती दोष आधीच सापडले असते, हे तपासले होते. उत्तर १५ टक्के आले. हा आकडा टेस्ट आणि परीक्षणातून सुटून बाहेर पडलेल्या दोषांचा आहे. लिहिता लिहिताच चेकरने दाखवलेल्या आणि लगेच सुधारलेल्या चुका त्यात मोजलेल्याच नाहीत, त्यामुळे मी तो कमी मानत नाही. पण उरलेले ८५ टक्के टाइपच्या आवाक्याबाहेरचे होते, हेही तितकेच खरे.

प्रश्न : आज ऐच्छिक म्हणून आलेले टाइप उद्या सक्तीचे होतील, अशी मला भीती वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर : पूर्णपणे अनाठायी नाही. डार्ट या गूगलच्या भाषेचा प्रवास नेमका असाच झाला. २०१३ साली तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हा टाइप ऐच्छिक होते आणि नेहमीच्या वापरात प्रोग्राम त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असे. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून टाइप व्यवस्था सक्तीची झाली. अर्थात त्यानंतरही प्रत्येक ठिकाणी टाइप लिहावा लागत नाही, कारण बराचसा भाग कंपायलर स्वतः ताडतो. रुबीने नेमकी विरुद्ध दिशा धरली. तिचे कर्ते युकिहिरो मात्सुमोतो यांना कोडमध्ये टाइप लिहिलेले नको होते, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या रुबी ३.० मध्ये टाइपची माहिती आरबीएस नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. कोड स्वच्छ राहतो हे खरे, परंतु दोन फाइल जुळत्या ठेवण्याचे ओझे वाढते, आणि मला स्वतःला ही तडजोड फारशी पटलेली नाही. स्ट्राइपने केलेल्या सॉर्बे या चेकरने रुबीच्या कोडमध्येच टाइप लिहिण्याची सोय केली, याचे कारणही मला यातच दिसते.

पायथनकडून सक्ती येण्याची चिन्हे नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये टाइप आणण्याचा एक मोठा प्रयत्न चौथ्या आवृत्तीच्या निमित्ताने झाला होता, आणि २००८ मध्ये ती आवृत्तीच सोडून द्यावी लागली. २०२२ पासून विचाराधीन असलेला प्रस्ताव बराच नेमस्त आहे : टाइपचे लेखन भाषेने वैध मानावे आणि इंजिनाने त्याकडे टिप्पणीप्रमाणे दुर्लक्ष करावे, एवढीच त्याची मागणी आहे. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने तर २०२५ च्या आरंभी आलेल्या २३.६ या आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टची फाइल तिच्यातील टाइप गाळून थेट चालवायला सुरुवातही केली आहे. तो ते टाइप तपासत मात्र नाही.

आपल्याला सक्ती जाणवेल ती भाषेकडून नव्हे, तर आपल्या टीमकडून. हिंट नसलेला बदल स्वीकारला जाणार नाही, असा नियम आज अनेक प्रकल्पांत आहे, आणि अनेकांनी वर्षानुवर्षे सांभाळायच्या कोडसाठी मला तो योग्य वाटतो. एका बैठकीत लिहून संपणाऱ्या स्क्रिप्टला, किंवा आकडेवारी चाळून पाहण्यासाठी केलेल्या नोटबुकला तोच नियम लावणारी टीम असेल, तर तेथे आपण जरूर हरकत घ्यावी.